दुकानाचं नेटवर्क स्वतः टाकताय? केबल आणि कनेक्टर घेण्याआधी हे वाचा



व्हिडिओत आपण केबल सोलून, रंग लावून, क्रिम्पिंग कसं करायचं ते बघितलं. पण त्याच्या आधीची पायरी व्हिडिओत नीट मावत नाही, ती इथे लिहिते आहे. दुकानदाराच्या समोर उभं राहून नेमकं काय मागायचं, काय बघायचं आणि कशाला सरळ नाही म्हणायचं.

भातसानगर, शहापूर, खर्डी, मुरबाड या पट्ट्यात कुणी नवीन सेवा केंद्र किंवा झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान काढायचं ठरवलं की त्याचं बजेट साधारण सारखंच असतं. तीन कॉम्प्युटर, एक चांगला प्रिंटर, काउंटर, खुर्च्या, पाटी, इन्व्हर्टर. सगळ्यात शेवटी एक ओळ, "वायर वगैरे". त्या ओळीसमोर उरलेले पैसे लिहिलेले असतात. आणि पुढे दोन वर्षं दुकान त्या ओळीवर चालतं.

तुम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको, कारण आपण शहापूर तालुक्यातली माणसं. भातसा आपल्या उशाशी, तानसा आपल्याकडे, मोडकसागर आपल्याकडे. मुंबईचे नळ या पाण्यावर चालतात आणि उन्हाळ्यात आपल्याच कितीतरी पाड्यांवर टँकर फिरतो. धरणात पाणी आहे की नाही हा प्रश्नच नसतो, शेवटची पाइपलाइन कुठपर्यंत आली हा प्रश्न असतो. इंटरनेटचंही तेच आहे. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तिलाच आता आपण भारतनेट म्हणतो. खासगी कंपन्यांचं फायबरही गावोगाव आलं. तुम्ही १०० किंवा २०० एमबीपीएसचा प्लॅन घेता. ते सगळं दुकानाच्या भिंतीपर्यंत व्यवस्थित येतं. भिंतीपासून टेबलापर्यंतचे आठ-दहा मीटर मात्र तुमचे असतात, आणि तिथेच गळती होते.

"सर्व्हर डाऊन" आहे की वायर?

अकरावी प्रवेशाच्या फॉर्मची शेवटची तारीख, दुकानात पंधरा पोरं, त्यांचे आईबाप रोज बुडवून आलेले. एका कॉम्प्युटरवर पान उघडतं, दुसऱ्यावर फिरत राहतं. आपण म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे हो, थांबा जरा." कधीकधी ते खरंही असतं. पण शेजारच्या कॉम्प्युटरवर तेच पान उघडत असेल, तर सरकारच्या सर्व्हरला दोष देऊन उपयोग नाही.

दोन मिनिटांत ओळखता येतं. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, मग इथरनेट उघडा. तिथे लिंक स्पीड लिहिलेला असतो. तुमचा राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही गिगाबिटचे असतील तर तिथे १००० दिसायला हवा. १०० दिसत असेल तर पहिला संशय वायरवर घ्या, कारण १०० चा वेग केबलमधल्या आठपैकी चार तारांवर चालतो आणि गिगाबिटला आठही तारा लागतात. एखादी तार नीट बसली नसेल तर बऱ्याचदा मशीन गुपचूप १०० वर उतरतं आणि तुम्हाला काही सांगत नाही.

दुसरं म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, शेवटी वजा-टी टाका म्हणजे ते थांबवेपर्यंत चालू राहील. राउटर तुमच्याच दुकानात आहे, मध्ये बाहेरचं कुणी नाही. तरीही मध्येमध्ये "रिक्वेस्ट टाइम्ड आऊट" येत असेल, तर बिघाड बहुतेक दुकानातच आहे. पिंग चालू असताना कनेक्टर हलक्या हाताने हलवून बघा. हलवल्यावर उत्तर तुटलं की चोर सापडला.

तांबं मागा, आणि तांबंच आहे का बघा

केबल खरेदीतला सगळ्यात मोठा प्रश्न कॅट ५ई की कॅट ६ हा नाही. आतली तार कशाची आहे, हा आहे.

बाजारात सीसीए नावाची केबल मिळते. त्याचा अर्थ ॲल्युमिनियमची तार आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. दिसायला तीच, रंग तेच, वर "कॅट ६" असंही छापलेलं. किंमत मात्र बरीच कमी. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, म्हणून लांब अंतरावर सिग्नल पडतो. त्याहून वाईट म्हणजे ती तार ठिसूळ असते. जॅकमध्ये दाबताना किंवा दोन-चार वेळा वाकवल्यावर आतल्या आत मोडते. बाहेरून काही दिसत नाही. आणि ज्या आंतरराष्ट्रीय मानकांवर कॅट ५ई आणि कॅट ६ ही नावं उभी आहेत, त्यांत पूर्ण तांब्याचीच तार अपेक्षित आहे. म्हणजे सीसीए केबलवर कॅट ६ छापणं हे वनस्पती तुपाच्या डब्यावर "साजूक" लिहिण्यासारखंच झालं.

ओळखायचं कसं? एक तार सोला आणि ब्लेडने खरवडा. आत चंदेरी रंग निघाला की ठेवून द्या. तांब्याची तार आतपर्यंत तांबडीच राहते. वजनातही फरक कळतो, सारख्या लांबीची दोन बंडलं दोन हातांत घेऊन बघा. केबलच्या वेष्टनावरचं छापील वाचा. चांगल्या केबलवर कॅटेगरी, तारेची जाडी आणि बहुतेक वेळा मीटरचे आकडे छापलेले असतात. "सॉलिड कॉपर" किंवा "बेअर कॉपर" असे शब्द शोधा. नुसतं "हाय क्वालिटी" लिहिलेलं असेल तर ते काहीच लिहिलेलं नाही.

दुकानदाराने ब्लेड लावू दिलं नाही तर? मग दुसरं दुकान. कल्याण आहे, ठाणे आहे, आणि जास्त माल घ्यायचा असेल तर ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड आहेच. आसनगावहून लोकल पकडून सकाळी गेलं तर संध्याकाळपर्यंत परत. तिथेही ब्लेड सोबत ठेवा, तिथे दोन्ही प्रकारचा माल मिळतो.

किती केबल लागेल, तेही मोजून जा. समजा तीन कॉम्प्युटर, एक नेटवर्क प्रिंटर आणि दोन आयपी कॅमेरे, म्हणजे सहा पॉइंट. प्रत्येकाला सरासरी दहा मीटर धरलं तर साठ मीटर. थोडी जास्त म्हणून सत्तर-पंच्याहत्तर. पूर्ण खोका ३०५ मीटरचा असतो, एका दुकानाला तो नको. पण सुटी केबल घेताना फसवणूक जास्त होते, म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की तिघं-चौघं मिळून एक सीलबंद खोका घ्या आणि वाटून घ्या.

आता कॅट ५ई की कॅट ६? छोट्या दुकानाला गिगाबिट पुरे, आणि ते दोन्हीवर १०० मीटरपर्यंत चालतं. मी कॅट ६ घ्या म्हणते, कारण तार जाड असते आणि भिंतीत एकदा टाकलेली केबल परत कुणी काढत नाही. पण बजेट अगदीच आवळलेलं असेल तर तांब्याची कॅट ५ई ही सीसीएच्या कॅट ६ पेक्षा केव्हाही चांगली. कॅट ७ आणि कॅट ८ च्या नादाला लागू नका. कॅट ७ च्या मूळ मानकात आपला नेहमीचा आरजे ४५ कनेक्टरच नाही. तरी आरजे ४५ लावलेल्या "कॅट ७" पॅच कॉर्ड ऑनलाइन भरपूर विकल्या जातात.

धातूचं आवरण असलेली शिल्डेड केबलही दुकानात लागत नाही. तिला धातूचा कनेक्टर आणि नीट अर्थिंग लागतं. ते नसेल तर पैसे गेले आणि फायदा शून्य.

कनेक्टर: लहान वस्तू, मोठी डोकेदुखी

या मापांना आणि नावांना घाबरू नका. तुमच्या पाटीवर "झेरॉक्स" लिहिलेलं असतं ना? त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या पार्क नावाच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. तेव्हा जाड कोॲक्सिअल केबल होती, पुढे गोल बीएनसी कनेक्टर आले. तुमच्यातल्या कुणाच्या मोठ्या भावाने जुन्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ते पाहिले असतील. एकाच केबलवर सगळी मशीन ओवलेली, एक जोड निघाला की अख्खा क्लास बंद. आताच्या पद्धतीत प्रत्येक मशीनची वायर वेगळी स्विचपर्यंत जाते, म्हणून एक बिघडली तरी बाकीची चालू राहतात. छोट्या दुकानासाठी हा फार मोठा आधार आहे, त्यामुळे वायर वाचवायला म्हणून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर छोटे स्विच लावत जाऊ नका.

कनेक्टर घेताना दोन गोष्टी जुळवायच्या. पहिली म्हणजे तारेचा प्रकार. भिंतीत टाकायच्या केबलमध्ये प्रत्येक रंगाची एकच सलग तार असते, तिला सॉलिड म्हणतात. लवचिक पॅच कॉर्डमध्ये बारीक तारांचा जुडगा असतो, तो स्ट्रँडेड. कनेक्टरमधल्या सोनेरी पात्या सॉलिड तारेला दोन्ही बाजूंनी कवटाळतात, स्ट्रँडेडमध्ये मधून घुसतात. फक्त स्ट्रँडेडसाठी बनवलेला कनेक्टर सॉलिड तारेवर दाबला तर पहिल्या दिवशी चालतो, आणि हवामान बदललं की सुटायला लागतो. तीन टोकांच्या पातीचा कनेक्टर दोन्हींना चालतो, तो मागा.

दुसरी म्हणजे जाडी. कॅट ६ ची तार कॅट ५ई पेक्षा जाड, म्हणून कॅट ५ई चा कनेक्टर तिच्यावर नीट बसत नाही. मुलं तारा दाबून, पिळून घुसवतात. बऱ्याच कॅट ६ कनेक्टरमध्ये भोकं एक वर, एक खाली अशी असतात, त्यावरून ओळखता येतं.

आरपार जाणारे पास-थ्रू कनेक्टर शिकाऊ माणसाला छान, कारण दाबण्याआधी रंगांचा क्रम समोरून दिसतो. पण त्यांचा क्रिम्पर वेगळा असतो, तो टोकं साफ कापतो. साध्या क्रिम्परने दाबून वर कटरने टोकं छाटली तर तांब्याचे कोंब शेजारच्या तारेला टेकू शकतात. कनेक्टर पास-थ्रू घेतला तर क्रिम्परही त्याचाच घ्या.

आणि हो, "५० मायक्रॉन सोन्याचा मुलामा" असं दुकानदार सांगेल. ते ५० मायक्रोइंच असतं, मायक्रॉनमध्ये जेमतेम सव्वा. तरीही आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी जास्त मुलाम्याचा कनेक्टर खरंच बरा, ओल धरून पात्या काळवंडायचं प्रमाण कमी होतं. फक्त शब्दाला भुलून दुप्पट पैसे देऊ नका.

रंगांचा क्रम आणि खोटं बोलणारा टेस्टर

क्रम टी ५६८ बी. सोनेरी पात्या तुमच्याकडे, केबल खाली, मग डावीकडून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.

बरेच जण म्हणतात, "मॅडम, दोन्हीकडे सारखं असलं की झालं ना? मी जोडीने लावतो, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा. लक्षात ठेवायला सोपं." टेस्टर लावला की आठही दिवे ओळीने लागतात, आणि तरी नेट रडत चालतं. कारण असं की मशीन तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी मानतं. केबलमध्ये त्या जोडीच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून आलेल्या असायला हव्यात, त्या पिळामुळेच बाहेरचा गोंधळ आणि शेजारच्या जोडीचा आवाज कटतो. सोप्या क्रमात तिसऱ्या पिनवर पांढरा-हिरवा येतो आणि सहाव्यावर निळा, म्हणजे दोन वेगळ्या जोड्यांतल्या दोन अनोळखी तारा. स्वस्त टेस्टर फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडलेली आहे की नाही एवढंच बघतो. जोडी कुणाची कुणाशी लागली ते त्याला कळत नाही. म्हणून क्रम डोळ्यांनी तपासायचा, दिव्यांवर विसंबायचं नाही.

पीळ उलगडायचा तोही जेमतेम अर्धा इंच. आणि बाहेरचं वेष्टन कनेक्टरच्या आत गेलंच पाहिजे, म्हणजे ओढ वेष्टनावर येते, तारांवर नाही. कनेक्टरच्या बाहेर रंगीत तारा दिसत असतील तर ते काम परत करा, गिऱ्हाईकाचं असेल तर नक्कीच.

खरं सांगायचं तर भिंतीतल्या केबलला थेट कनेक्टर लावूच नका. भिंतीवर कीस्टोन जॅकची पेटी बसवा, केबल तिच्यात पंचिंग टूलने दाबा, आणि जॅकपासून कॉम्प्युटरपर्यंत कंपनीची तयार पॅच कॉर्ड लावा. रोज हलतं, ओढलं जातं, पायात येतं ते शेवटचं एक-दोन मीटर. कनेक्टरची ती प्लॅस्टिकची जीभ तिथेच तुटते. पॅच कॉर्ड खराब झाली तर एका मिनिटात बदलता येते. भिंतीतली केबल खराब झाली तर केसिंग उघडा, शिडी आणा, दुकान बंद. कॅमेऱ्याला मात्र चालतं, तो एकदा लावला की हलत नाही.

पाऊस, उंदीर आणि वीज

आपल्याकडे पाऊस नुसता पडत नाही, मुक्कामाला येतो. घराबाहेरून जाणारी केबल साधी राखाडी-निळी वापरलीत तर उन्हाने तिचं वेष्टन तडकतं आणि पुढच्या पावसात पाणी आत शिरतं. बाहेरच्या कामासाठी काळ्या पॉलिथिन वेष्टनाची आउटडोअर केबल मिळते, तीच घ्या. भिंतीतून आत येताना केबलला खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं, ओघळत भोकातून आत येत नाही. उंदरांसाठी पीव्हीसी पाइप. लाइटच्या वायरसोबत एकाच पट्टीत ही केबल कोंबू नका, धोकाही आहे आणि त्रासही. दोन्ही एकमेकींना ओलांडायच्या असतील तर काटकोनात ओलांडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकान रस्त्यावर आणि गोदाम किंवा घर मागे चाळीस मीटरवर, असं आपल्याकडे खूप जणांचं असतं. दोन इमारतींच्या मध्ये हवेतून तांब्याची केबल ताणू नका. मे महिन्यातले वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, दोन्ही वेळी विजा किती पडतात ते तुम्हाला माहीत आहे. जवळपास वीज पडली तरी त्या केबलवर दाब चढतो आणि दोन्हीकडचे स्विच, मदरबोर्ड, कधी प्रिंटरसुद्धा जातो. शिवाय दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असेल तर त्यांच्यातला फरक केबलमधून वाहायला बघतो.

तिथे फायबर टाका. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर लागतात. एकाच धाग्यावर चालणारे घेत असाल तर ए आणि बी अशी जोडी मागा. दोन्ही ए आणले तर एकमेकांशी बोलणार नाहीत, कारण एक ज्या रंगाच्या प्रकाशावर पाठवतो त्यावर दुसऱ्याने ऐकायचं असतं. केबलला आधाराची लोखंडी तार असते, ती बाहेरच्या हुकाला बांधून तिथेच तोडा, आत आणू नका. नाहीतर वीज तिच्यावरून आत येण्याची सोय आपणच केली असं होईल.

फायबरच्या कनेक्टरचा रंगही बघा. हिरव्या कनेक्टरचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. इंटरनेट कंपनीच्या डब्यावर बहुतेक हिरवा असतो, मीडिया कन्व्हर्टरवर निळा. हिरवा निळ्यात जातो, बसतोही, पण प्रकाश नीट जात नाही आणि टोकाला ओरखडे पडू शकतात. जोडणी करणाऱ्या माणसाला आधीच विचारा, दोन्ही टोकांना कुठला रंग हवा.

हेच काम दुसऱ्यासाठी

स्वतःच्या दुकानाचे सहा पॉइंट नीट टाकलेत की तुमच्या हातात एक धंदा आला, हे लक्षात घ्या. महामार्गावरचे ढाबे आणि फार्महाऊस, शाळेची कॉम्प्युटर लॅब, डॉक्टरांचं क्लिनिक, पतपेढी, मुरबाड एमआयडीसीतली छोटी युनिटं, सगळ्यांना हे काम लागतं आणि कल्याणहून माणूस दोन दिवसांनी येतो. क्रिम्पर, स्ट्रिपर, पंचिंग टूल, टेस्टर, एवढ्या चार हत्यारांत सुरुवात होते.

दर पॉइंटप्रमाणे सांगा, मीटरप्रमाणे नाही. मीटरवर गेलात की गिऱ्हाईक केबलच्या किमतीवर घासाघीस करतं आणि तुम्हाला सीसीएकडे ढकलतं. कोटेशनमध्ये "पूर्ण तांबं, कॅट ६, जॅक आणि पॅच कॉर्डसह, टेस्ट करून" असं स्पष्ट लिहा. समोरच्याचा दर कमी असेल तर गिऱ्हाईकाच्या टेबलावर दोन तुकडे ठेवा, ब्लेडने खरवडून दाखवा. यावर फार बोलावं लागत नाही.

काम झालं की प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नंबर चिकटवा. एका कागदावर दुकानाचा कच्चा नकाशा काढा, कुठला नंबर कुठे जातो, जॅक कुठे, स्विचच्या कुठल्या पोर्टमध्ये. त्याचा फोटो गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि एक प्रत स्विचच्या पेटीत आतून चिकटवा. सहा महिन्यांनी फोन येईल की मधला कॉम्प्युटर बंद पडलाय. तेव्हा तुम्ही घरूनच सांगू शकता, "ताई, चार नंबरची निळी कॉर्ड काढून पाच नंबरमध्ये लावून बघा."

पुढच्या व्हिडिओत कीस्टोन जॅक पंच करणं आणि पॉइंटचा दर कसा काढायचा ते कागदावर मांडून दाखवणार आहे. तोपर्यंत एक केबलचा तुकडा आणा आणि खरवडून बघा.